बोनेटवरचे बोंबील

सिद्धेश गाडी विकायला निघाला होता. कारण एकच. घाटकोपरहून वाशीला, त्याच्या सासुरवाडीला जाताना देवनारचं डम्पिंग ग्राऊंड लागलं की गाडीत बसवेना. आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबलं की दिवा लागायचा, वास मात्र यायचा तो यायचाच.

“बाबा, या रविवारी शेवटचं बघू. वास आला तर गाडी गेली.”

त्याच्या वडिलांना, चंद्रप्रकाशला, गाडीचं एवढं नव्हतं. बाजूच्या सीटचं होतं. त्याची बायको नलिनी बुटकी, म्हणून ती सीट पुढे ओढलेली. नलिनी गेली तरी त्याने ती कुणाला मागे सरकवू दिली नव्हती. ते बटणही तिच्याच ताब्यात असायचं. देवनारजवळ नवऱ्याची कटकट सुरू झाली की ती बाहेरची हवा आत सोडायची. त्याचं तोंड आपोआप मिटायचं.

आता बटण दाबल्यावर बाहेरची हवा अडवणारी झडप तपासायची तर वास हवा, आणि त्यासाठी सारखं देवनारला कोण जाणार? शनिवारी त्याने गावाहून आलेले सुके बोंबील वायपरखालच्या जाळीवर मांडले. बाहेरची हवा तिथूनच आत शिरते. शेजारच्या भाऊरावांना हुंगायला मागे बसवलं.

“येतोय का?”

“मस्त येतोय रे चंदू. भूक लागली.”

“म्हणजे झडप मिटत नाही.”

“झडप राहू दे, समोर बघ. वाट लागली!”

बोनेटवर सोसायटीतली मांजरं जमली होती. वरून वनमालाबाई ओरडल्या, “चंदूभाऊ, गाडी विकताय की मासळी?”

“दोन्ही नाही!”

मांजरांना हुसकून त्याने डॅशबोर्डचा खण उतरवला. बटण दाबलं. आत मोटर घरघरली, झडप अर्ध्यावर येऊन अडली. त्याने बोटं घालून चाचपलं. हाताला वाळलेली आपट्याची पानं लागली. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की नलिनी त्याच जाळीत सोनं खोचायची. तो म्हणायचा, आत पडेल. ती म्हणायची, “पडलं तर गाडीच्या पोटात पडेल. तुमच्या का दुखतं?”

त्याने मनगटाने डोळे पुसले.

“बोंबील झोंबले का रे डोळ्यांना?” भाऊरावांनी हळूच विचारलं.

“हो ना.”

पानं निघाली तशी झडप खाडकन मिटली. भाऊरावांनी दोनदा हुंगलं. “गेला! च्यायला, खरंच गेला.”

त्याने एक अख्खं पान खिशात ठेवलं आणि उरलेले बोंबील मांजरांना देऊन टाकले.

रविवारी सिद्धेश पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, मागे त्याची बायको श्वेता. देवनार आलं. चंद्रप्रकाशने बटण दाबलं. सिद्धेश नाक वर करून वाट बघत राहिला. काहीच नाही.

“बरं, राहू दे गाडी,” तो शेवटी म्हणाला. “पण ही सीट मागे घेतो. पाय बघा माझे.”

“नको.”

“अहो बाबा, आता कोण बसणार आहे इथे? किती दिवस असं—”

चंद्रप्रकाशने समोर बघतच बटणावर बोट ठेवलं. अख्खं देवनार गाडीत शिरलं.

“बाबा! बंद करा ते!”

श्वेता ओढणीत तोंड लपवून हसत होती.

“काय म्हणत होतास?”

“काही नाही! सीट झकास आहे! अशीच राहू दे!”

चंद्रप्रकाशने पुन्हा बटण दाबलं. आत मोटर घरघरली आणि झडप मिटली.