घंटाघराच्या उजवीकडची हिरवी खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. पण आजवर माझ्यातून कुणी बाहेर डोकावलेले नाही. डोकावणार कसे? मी भिंतीवर रंगवलेली आहे. हिरव्या झडपा, त्यांतली एक अर्धी उघडी, खाली दगडी कठडा आणि कठड्यावर तुळशीच्या भावकीतल्या पानांची कुंडी. सगळे रंगाचे. मित्रांनो, आमच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर खोट्या खिडक्यांची कुणाला लाज वाटत नाही. उलट खऱ्या खिडकीतून वारा येतो, शेजारीण येते. माझ्यातून काहीच येत नाही.

माझा जन्म ऐंशी वर्षांपूर्वीचा. कालाविओला गावातल्या बेर्तोमे नावाच्या कोळ्याने नवे घर बांधले आणि समुद्राकडच्या भिंतीवर खिडकी काढायला नात्सारेनो नावाच्या रंगाऱ्याला बोलावले. रंगारी शिडीवर चढला, आणि घरमालक? तो होडी घेऊन समुद्रात गेला! तिथून लाल फडके हलवून तो खुणा करू लागला. अजून डावीकडे घे. अजून. बस, तिथेच. खाली जमलेले गाव पोट धरून हसत होते. बेर्तोमे परतला तेव्हा रंगारी रडकुंडीला आला होता.

"अहो, खिडकी मधोमध काढतात! लोक माझ्या नावानं हसतील."

"हसू दे," बेर्तोमे म्हणाला. "हसणारे माझ्यामागून समुद्रात येत नाहीत."

गावाला वाटले, रंगारी प्यायलेला होता. ऐंशी वर्षे गावाला तेच वाटत राहिले. खरे कारण मला ठाऊक होते आणि बेर्तोमेला.

आमच्या धक्क्यासमोर पाण्याखाली एक खडक आहे. त्याचे नाव 'सासू'. दिसत नाही, पण असते. कड्याकडून येणारी होडी बाहेरच्या खोल पाण्यातून सरळ पुढे न्यायची. चालताना किनाऱ्याकडे बघायचे. माझ्या आणि समुद्राच्या मध्ये चर्चचे घंटाघर उभे आहे; मी आधी त्याच्या डावीकडे दिसते, मग त्याच्यामागे लपते आणि शेवटी उजवीकडून बाहेर येते. मी उजवीकडून बाहेर आले की मगच होडी धक्क्याकडे वळवायची. त्याआधी वळलात तर सासूच्या मांडीवर.

अशा खुणा आमचे कोळी कुणाला सांगत नाहीत. बाप मुलाला सांगतो, तेही होडीत, आणि घरी आल्यावर ते बोलणे झालेच नाही असे दोघेही वागतात. बेर्तोमेने मुलाला, ऑगुस्तीनोला, सांगितले. मुलगी एर्मिनिया घरात वाढली, म्हणून तिला नाही. हिशेब तिथेच चुकला.

माझी उमेदीची वर्षे फार चांगली गेली. पहाटे मासळी घेऊन होड्या परतत आणि मी घंटाघरामागून डोकावले की ऑगुस्तीनो टोपी मागे सारी. तेवढाच नमस्कार. घंटाघरामागे शिरलेली त्याची होडी मलाही दिसत नसे. तेव्हा मी मोजू लागे. चाळीस झाले की होडी बाहेर यायची. पन्नास वर्षे चाळीसच.

मग मासळी कमी झाली आणि पाहुणे वाढले. पाहुण्यांचीही मी मनातल्या मनात नोंद ठेवली आहे. शंभरांतले नव्वद आधी फोटो काढतात, मग बघतात. काहींचे तर बघायचे राहूनच जाते. डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला साठ निघतात, वर वीस पोहोचतात. पण जेवताना साठही जण वरून समुद्र कसा दिसला ते सांगतात. कागदाच्या पुडीतली तळलेली मासळी सगळे खातात आणि बोटे पुसायला माझी भिंत वापरतात. माझ्याखालच्या बाकावर बसून म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोलणारे मात्र वर्षाला तीन. चौथा आला होता, पण त्याला शौचालय कुठे ते विचारायचे होते.

ऑगुस्तीनो आता चौऱ्याहत्तरचा आहे. छोट्या इंजिनाच्या होडीतून तो पाहुण्यांना कड्याखाली पोहायला नेतो. एर्मिनिया आणि तिची मुलगी इलारिया घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. गेल्या वर्षी इलारियाने घराचा दर्शनी भाग नव्याने रंगवायचे ठरवले.

"आई, घर बघ कसं दिसतं. एक डोळा मिचकावल्यासारखं."

बाकावर मासळी साफ करणारा ऑगुस्तीनो ताडकन म्हणाला, "त्या खिडकीला हात लावायचा नाही."

"का रे मामा?"

"नाही म्हणजे नाही."

"अरे, पण कारण?"

"कारण काय विचारतेस? तुझा आजा काय गाढव होता?"

"थोडा होताच," एर्मिनिया आतून म्हणाली. "साधी खिडकी मधोमध काढता आली नाही त्याला."

ऑगुस्तीनोने तोंड उघडले. माझ्या रंगात अंग असते तर शहारले असते. सांग, ऑगुस्तीनो! ही तुझी बहीण, ही भाची, चार पावलांवर उभ्या आहेत. पण त्याने तोंड मिटले आणि पुढच्या माशाचे डोके खुडले.

इलारियाने त्यातून आपल्या परीने अर्थ काढला. मामाला बापाच्या खिडकीची माया आहे. पोरगी मनाने चांगली. चांगल्या मनाची माणसे न विचारता काय काय करतात, याची मी वेगळी नोंद ठेवायला हवी होती.

हिवाळ्यात रंगकामासाठी भिंतीवर कापडाचा पडदा लागला आणि त्याआड मलाही काही दिसेना. ऑगुस्तीनोची होडी तेव्हा दुरुस्तीसाठी काठावर होती. ईस्टरनंतरच्या रविवारी ती पहिल्यांदा पाण्यात उतरली. सहा पाहुणे बसले, आणि कधी नव्हे ती एर्मिनियाही बसली. घराचे नवे रूप समुद्रातून बघायचे, असे मायलेकींनी गुपचूप ठरवले होते. होडी कड्याआड गेल्यावर इलारियाने पडदा सोडवला.

समुद्रातून बघताना जी माझी उजवी बाजू, तिकडे मी पाहिले आणि सुन्न झाले.

माझ्या शेजारी मीच होते! त्याच हिरव्या झडपा, तीच अर्धी उघडी, तीच कुंडी. नात्सारेनोच्या हातून वाकडे गेलेले पानसुद्धा वाकडेच. खोट्याचीही नक्कल! नव्या रंगाच्या वासात ती नुकतीच जगात आलेली पोर समुद्राकडे कौतुकाने बघत होती. खाली इलारिया फोकाच्चाची थाळी घेऊन उभी होती. तेल लावून भाजलेल्या त्या पावाचा वास चौकभर पसरला होता.

दुपारी चार वाजता कड्याकडून होडी आली. ऑगुस्तीनो किनाऱ्याकडे पाठ करून पाहुण्यांना वादळाच्या गोष्टी सांगत होता. पन्नास वर्षांची सवय असलेला माणूस हवे तेव्हाच वर बघतो. होडी घंटाघरामागे शिरली. मी मोजू लागले.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

होडी आली नाही.

साठ. मित्रांनो, तेव्हा मला उमगले. माझ्या उजवीकडची ती पोर घंटाघरामागून माझ्याआधी बाहेर आली असणार! ऑगुस्तीनोने वर पाहिले असणार, त्याला हिरवी खिडकी दिसली असणार, त्याने टोपी मागे सारली असणार. त्या पोरीला समोर सगळे दिसत होते. पण होडी वळली हे चांगले की वाईट, हे तिला कोण सांगणार? आणि मला तोंड नाही. ज्याला होते, त्याने ते मिटले होते.

नव्वद झाले आणि आवाज आला. लाकूड दगडावर घासल्याचा, लांबलचक. त्यामागून एक किंकाळी. इलारियाच्या हातातली थाळी पायरीवर पडली.

होडीत काय झाले ते नंतर मी बाकावरून इतक्यांदा ऐकले आहे की पाठच झाले. ऑगुस्तीनोने सुकाणू वळवले, तशी एर्मिनिया टाळ्या पिटत म्हणाली, "ऑगुस्तीनो, बघ, बघ! दुसरी दिसली!"

"दुसरी काय?"

"खिडकी रे! इलारियानं तुझ्यासाठी जोडीला दुसरी काढून घेतली. आपली जुनी अजून मागंच आहे."

म्हणे त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने सगळे अंग सुकाणूवर टाकले. होडीचे नाक वाचले. कूस मात्र सासूने सोलली.

होडी माझ्यासमोर आली तेव्हा एका अंगाला कलली होती. गुडघाभर पाण्यात उभे राहून सहा पाहुणे बुटांनी, टोप्यांनी आणि कॅमेऱ्याच्या पिशवीने पाणी उपसत होते. एर्मिनिया दोन्ही हातांनी भावाचा सदरा धरून बसली होती. मी मोजले. आठ डोकी. पुन्हा मोजले. आठच.

धक्क्यावर उतरल्यावर ऑगुस्तीनो थेट चौकात आला. ओल्या कपड्यांनी माझ्याखाली उभा राहिला आणि बोट माझ्याकडे रोखून त्याने खुणेची सगळी गोष्ट मोठ्याने सांगितली. गाव थक्क झाले. होडी आपटल्याचा जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा ऑगुस्तीनो बोलल्याचा बसला.

"ए, तोंड आवर!" एक म्हातारा कोळी ओरडला. "बाहेरचे ऐकतायत!"

"ऐकू देत! मघाशी बुडत होते ते बाहेरचेच होते. आणि माझी बहीण."

इलारिया रडत होती. "मला का नाही सांगितलंस, मामा?"

"बाप म्हणाला होता, कुणाला सांगू नको."

"आणि तुझ्यानंतर कुणी चालवायची होडी?"

ऑगुस्तीनोने खाली बसून बुटातले पाणी ओतले.

"आमचे बाबा गाढव नव्हते म्हणायचे," एर्मिनिया हळूच म्हणाली. "गाढव आपण निघालो."

अंधार पडायच्या आत इलारियाने स्वतः शिडी लावून माझ्या जुळ्या बहिणीवर भिंतीचा रंग फिरवला. पोर सहा तासही जगली नाही. तिचा काय दोष होता? भिंत ओली झाली की अजूनही तिची पुसट रेघ दिसते.

होडीची कूस दुरुस्त झाल्यावर पहिल्या दिवशी सुकाणूवर इलारिया होती. ऑगुस्तीनो शेजारी हात बांधून बसला होता, आणि त्याचे तोंड काही केल्या बंद होत नव्हते. होडी घंटाघरामागे शिरली. खाली बाकावर एर्मिनिया उठून उभी राहिली. मी मोजू लागले. अडतीस. एकोणचाळीस.

चाळीसला होडी बाहेर आली. इलारियाने मला पाहिले, आणि डोक्यावर टोपी नव्हती तरी कपाळावरून हात मागे नेला.

तेव्हा मित्रांनो, समुद्रकाठच्या आमच्या गावांना आलात तर पोहा, पायऱ्या चढा, मासळी खा, माझा फोटोही काढा. मी काही वितळत नाही. पण जाण्याआधी बाकावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला एवढे विचारा, "ही खिडकी अशी एका बाजूला का?" आणि आपल्या घरी परतल्यावर तिथल्या म्हाताऱ्यालाही त्याच्या वाकड्या खिडकीबद्दल विचारा. तो आधी "नाही म्हणजे नाही" म्हणेल. तुम्ही उठू नका. मीही चाळीसनंतर मोजायचे थांबले नव्हते.