पूजेतला स्क्रूड्रायव्हर

खंडेनवमीला मिरजेतल्या आप्पासोंच्या गॅरेजात पाने, पकडी, हातोडे रॉकेलनं न्हाऊन फळीवर झेंडूत निजायचे. त्या दिवशी साक्षात देव गाडी घेऊन आला तरी हत्याराला हात लावायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम. मधोमध असायचा त्यांचा लाडका लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, की गाडीचं आतलं दुखणं त्यांना ऐकू यायचं.

नेमक्या त्याच दिवशी माणदेशाकडच्या हरणाबाई आल्या. वारलेल्या नवऱ्याची फटफटी आप्पासोंनी नव्यानं उभी केली होती, ती न्यायला.

"खिंडीत ह्यांची गाडी वाजली की मी चुलीवर तवा टाकायची," त्या म्हणाल्या.

आप्पासोंनी किक मारली. गाडी धडधडली, पण आत कुठंतरी बारीक टकटक होती. त्यांचा हात सवयीनं फळीकडं गेला आणि हळदीकुंकू बघून चरफडत मागं आला.

"आवं, ही घ्या की," म्हणत हरणाबाईंनी मेंढरांमागची काठी पुढं केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक टोक त्यांनीच इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

दुपारचं ऊन निळसर धुरात तरंगत होतं. शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोरा जुळवत होतं.

"द्या इकडं. कुठनं वाजतंय बघतो," आप्पासोंनी हात पुढं केला.

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"जरा दम धरा," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता कुठं खिंडीत आल्यात."