मिसबाहची वाटी

"हलू नकोस गं, नीट उभी राहा," सुनंदाबाई म्हणाल्या आणि काट्यावरचा आकडा स्थिर व्हायची वाट पाहू लागल्या.

मिसबाह चार वर्षांची. पायातले वाळे सैल होऊन टाचेवर उतरलेले. आकडा थांबला. अकरा किलो सहाशे. गेल्या महिन्यातही तेवढाच होता.

धरणगावच्या जिनिंग मिलमागे जी वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत सुनंदाबाई एकवीस वर्षं सेविका होत्या. वजनाच्या दिवशी दाराशी रांग लागायची. त्यांनी चष्म्यावरून मिसबाहच्या आईकडे पाहिलं. अनवरी मिलमधून तशीच आली होती, ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले.

"अनवरी, कमी वजनाच्या यादीत हिचं नाव तिसऱ्यांदा चाललंय. घरी काय करता तुम्ही? ताट स्वच्छ केल्याशिवाय उठू द्यायचं नाही, हे मी मागेच सांगितलं होतं."

अनवरीने मान खाली घातली. मागे प्रेमराज आपल्या मुलाला कडेवर घेऊन उभा होता. स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसवत नसे.

"ताई, पोरेस्नं वजन कोठे जास ते आमले समोरच दखाई राहीनं ना," तो म्हणाला.

रांगेत हसू पसरलं. सुनंदाबाईंच्या जाड अंगावरून नजरा फिरल्या आणि पुन्हा जागेवर गेल्या. पोषण आहाराचं पोतं ताई घरी नेतात, असं वस्तीत कधीकधी बोललं जायचं हे त्यांच्या कानावर होतं. एकवीस वर्षांत त्यांनी मूठभर डाळसुद्धा उंबऱ्याबाहेर नेली नव्हती. तसं त्या त्याला सुनावू शकल्या असत्या. पण त्या सगळ्यांबरोबर हसल्या. तेच हसू पुढे कितीतरी दिवस त्यांना आठवत राहिलं.

सुनंदाबाई सोळा वर्षांच्या असताना त्यांना बघायला पाचोऱ्याहून पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी आत्याने जवळ बसवून सांगितलं होतं, "पाहुण्यांदेखत दुसरी पोळी घ्यायची नाही. अंगाने भरलेल्या पोरीने तर नाहीच नाही." त्यांनी ते एवढं मनावर घेतलं की त्यानंतर चारचौघांत त्यांनी दुसरी पोळी कधी घेतली नाही. लग्नाच्या पंगतीत त्या चिमणीएवढं जेवायच्या. घरी सगळ्यांचं झालं की ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून, उभ्याउभ्या खायच्या. किती खाल्लं हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. नवरा अभिमन विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, सकाळी गेला की अंधार पडता यायचा. त्याने कधी बायकोच्या अंगावरून शब्द काढला नव्हता. त्याला तिचं ताटही कधी दिसलं नव्हतं.

वजनाच्या दिवसानंतर दोनच दिवसांनी त्यांनी जळगावच्या भाचीला फोन लावला. पुनम वजन कमी करायचा ग्रुप चालवायची. रोज पहाटे अनशापोटी काट्यावर उभं राहून आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मग जिऱ्याचं पाणी. दुपारी डब्यातली पावडर पाण्यात घुसळून प्यायची. भाकरी, भात, केळी बंद. संध्याकाळी काकडी.

"आत्या, भूक लागली की पाणी पी," पुनम म्हणाली. "भूक हा मनाचा खेळ असतो."

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलं. ग्रुपवर टाळ्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात दीड उतरलं. त्यानंतर आकडा अडून बसला. सुनंदाबाईंना रात्रीची झोप लागेना, पायात गोळे येऊ लागले, मुलांवर आवाज चढू लागला. अभिमन विचारायचा, "जेवलीस का?" त्या म्हणायच्या, "केव्हाच." मिसबाहच्या समोर बसून त्या तिच्या तोंडात घास कोंबायच्या, आणि घास कोंबताना स्वतःच्या तोंडाला सुटलेलं पाणी गिळायच्या.

एकोणिसावा दिवस होता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. त्या दिवशी मिसबाह आली नव्हती, तिला ताप होता. कमी वजनाच्या मुलांना वाटीभर जास्त मिळायचं. अनवरीने निरोप पाठवला होता, जेवणाच्या सुट्टीत येऊन डब्यात घेऊन जाते. मदतनीस भागाबाईंनी तिची खिचडी मोठ्या वाटीत काढून आतल्या खोलीत झाकून ठेवली, शेजारी एक केळं ठेवलं आणि त्या भांडी घासायला नळावर गेल्या. मुलं जेवून आपापल्या घरी गेली होती.

सुनंदाबाई रजिस्टर ठेवायला आतल्या खोलीत गेल्या. झाकणाच्या कडेतून फोडणीचा वास येत होता. झाकण नीट बसलंय का बघावं म्हणून त्यांनी ते उचललं.

पुढचं त्यांना धड आठवत नाही. एवढंच आठवतं की दार ढकलून घेतलं होतं आणि तोंड भिंतीकडे होतं. चमचा घ्यायचंही सुचलं नाही. वाटीचा तळ बोटाने पुसून झाल्यावर त्यांनी केळं सोललं. अर्धं तोंडात होतं, साल हातात लोंबत होतं, आणि दारात ओल्या हातांनी भागाबाई उभ्या होत्या.

भागाबाई साठीच्या. या अंगणवाडीत सुनंदाबाईंच्याही आधीपासून. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. सुनंदाबाईंना तोंडातलं गिळता येईना आणि थुंकताही येईना.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "ताई, मिसबाह का रखा क्या?"

अनवरी डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. भागाबाईंनी आतल्या खोलीचं दार स्वतःच्या पाठीमागे ओढून घेतलं.

"बाई, मन्हा हातथीन वाटी सांडी गयी," त्या म्हणाल्या. "आज काहीच उरनं नई. उद्या जास्तीनं देसू."



"कोई बात नहीं, अक्का," अनवरी म्हणाली. रिकाम्या डब्याची कडी वाजली आणि तिच्या चपलांचा आवाज मिलच्या दिशेने गेला.

दाराआड सुनंदाबाई साल मुठीत घेऊन उभ्या होत्या. प्रेमराज जे बोलला होता ते आता खरं झालं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने खरं केलं होतं.

भागाबाई आत आल्या. त्यांनी ते साल मुठीतून सोडवून घेतलं, बादलीत टाकलं आणि खाली जमिनीवर बसल्या.

"कितला दिन व्हयनात, ताई?"

"कशाला?"

"जेवाले."

सुनंदाबाई पदराने बोटं पुसू लागल्या.

"गायले इतला दिन उपाशी ठेवं, ते ती बी दावं तोडी टाकस," भागाबाई म्हणाल्या. "तिले कोनी चोर म्हनत नई."

"मी गाय नाही, भागाबाई. मी पगार घेते. आणि ती वाटी तापातल्या पोरीची होती."

"व्हय," भागाबाई म्हणाल्या. "ते बी खरं शे." त्यांनी ते गोड करायचा प्रयत्न केला नाही. उठल्या आणि रिकामी वाटी घासायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर भागाबाईंनी पिशवीतून फडकं काढून चटईवर सोडलं. दादर ज्वारीच्या चार भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा.

"बठा."

"नको. तुम्ही जेवा."

"उभं ऱ्हाईसन नई. खाले बठा. आनि भिताडकडे तोंड करू नका."

म्हणजे भागाबाईंना तेही ठाऊक होतं. सुनंदाबाई खाली बसल्या. दाराबाहेरून कुणी चाललं की त्यांचा हात आपोआप पदराकडे जाई. अर्धी भाकरी संपल्यावर भागाबाईंनी उरलेली अर्धी पुढे करत विचारलं, "आखो?"

सुनंदाबाईंनी त्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला कळतच नाही, भागाबाई. पोट भरलं की नाही ते. खरंच कळत नाही."

हे बोलताना त्यांना आदल्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली. सत्तेचाळीस वर्षांची बाई. ही वस्तीतल्या आयांना आहार शिकवते, कोणत्या महिन्यात बाळाला काय द्यायचं याचे तक्ते हिला तोंडपाठ, आणि हिला स्वतःची भूक ओळखता येत नाही.

भागाबाई हसल्या नाहीत. "मंग जराखं थांबा," त्या म्हणाल्या. "पानी प्या. पोट सांगस. त्याले सांगाले येळ लागस."

त्या थांबल्या. भागाबाई मुलांच्या तक्रारी सांगत होत्या, कुणाचं नाक वाहतंय, कुणी कुणाला चावलं. थोड्या वेळाने सुनंदाबाईंना जाणवलं की बरगड्यांखाली कुठेतरी काहीतरी शांत झालंय. त्यांनी उरलेली भाकरी बाजूला सरकवली. तिसऱ्या दिवशी मात्र अर्ध्यावर तसं काही झालं नाही. दीड भाकरी झाली तेव्हा झालं. दीडचा आकडा मनात उमटला आणि त्या शरमल्या, पण भागाबाईंनी किती खाल्लं ते मोजलंच नव्हतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पायात गोळे आले नाहीत.

मिसबाहचा ताप उतरला, ती येऊ लागली. आता जेवण जमू लागलं होतं, पण ती मुलगी समोर बसली की सुनंदाबाईंचा घास फिरायचा. पाच दिवस त्यांनी अनवरीला सांगायचं पुढे ढकललं. सहाव्या दिवशी, मिलला सुट्टी असताना, त्या अनवरीच्या घरी गेल्या.

एकाच खोलीचं घर. अनवरी गोधडीला टाके घालत होती. ताईंना दारात पाहून ती गडबडीने उठली, खुर्ची पुसू लागली. सुनंदाबाई बसल्या नाहीत.

"अनवरी, त्या दिवशी वाटी सांडली नव्हती. मिसबाहची खिचडी मी खाल्ली. भागाबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या."

अनवरीचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि सुनंदाबाईंनी ते पाहणं सोसलं.

"तुमने?" ती म्हणाली. "तुमको क्या कमी है, ताई?"

"मी एकोणीस दिवस जेवले नव्हते. वजन कमी करायला. पण ते कारण म्हणून सांगत नाहीये. ती वाटी तिची होती."

अनवरीने खाली बसून गोधडी पुन्हा मांडीवर ओढली. सुई गोधडीत खोचली, काढली, पुन्हा खोचली.

"उस दिन बुखार में वो खिचडी-खिचडी कर रही थी," ती म्हणाली. "पहली बार अपने मुँह से कुछ माँगी थी. मैंने बोला, अक्का से गिर गई."

सुनंदाबाईंना वाटलं, आता तिने चार शब्द सुनावावेत, म्हणजे बरं वाटेल. पण अनवरी वेगळंच बोलली, तेही खालच्या आवाजात, गोधडीकडे पाहत.

"तुम बोले थे ना, ताट साफ हुए बगैर उठने मत देना. मैं रोज मारती हूँ उसको, ताई. एक हाथ से पकडती, एक हाथ से खिलाती. फिर वो उलटी कर देती. फिर उलटी की, इसलिए मारती. मुझे लगता था, यादी में नाम मेरी वजह से है."

कोपऱ्यात मिसबाह बाहुलीला कापसावर निजवत होती. आवाज ऐकूनही तिने वर पाहिलं नाही.

सुनंदाबाई खाली फरशीवर बसल्या. खुर्ची तशीच राहिली. एकवीस वर्षांत किती आयांना आपण हेच वाक्य सांगितलं, आणि किती घरांत किती गालांवर ते उमटलं असेल, हे त्या मोजायला लागल्या आणि त्यांना मोजता येईना.

"मारू नकोस," अखेर त्या म्हणाल्या. "मी चुकीचं सांगितलं होतं. थोडं थोडं दे, पण पाच वेळा दे. तेल घाल वरून. शेजारी बसून तूही जेव. तोंड फिरवलं की थांब."

"और वजन नहीं बढा तो?"

"तर आपण दोघी तिला घेऊन दवाखान्यात जाऊ. मी येईन तुझ्याबरोबर."

अनवरीने 'माफ केलं' म्हटलं नाही. निघताना ती दारापर्यंतही आली नाही.

त्या संध्याकाळी सुनंदाबाई पुनमच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. लगेच फोन आला. "आत्या, साडेचारवर थांबतेस? अजून पंधरा उतरवायचेत."

"पुनम, मला चक्कर येते, आणि मी लोकांच्या पोरांवर ओरडते. गुडघे दुखतात, त्यासाठी डॉक्टरांना दाखवणार आहे. ते काय म्हणतील ते करीन. सकाळी अंगणवाडीत पायी जाते आता, बरं वाटतं."

"आणि वजन?"

"माहीत नाही. पाहिलं नाही."

अंगणवाडीत त्यांनी ताट साफ करायचा नियम बंद केला. पहिले काही दिवस अन्न वाया गेलं, भागाबाई चिडल्या. मग दोघी थोडं थोडं वाढू लागल्या, आणि पोरं पुन्हा मागू लागली. पुढच्या वजनाच्या दिवशी मिसबाह अकरा किलो आठशे भरली. यादीतून नाव गेलं नाही. अनवरीने आकडा पाहिला, मान हलवली, पोरीला घेऊन गेली.

डिसेंबरात एका दुपारी मिलचं यंत्र बिघडलं आणि कामगार लवकर सुटले. अंगणवाडीत मुलं रांगेने जेवत होती. रांगेच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून, सुनंदाबाई घरून आणलेली मेथीची भाजी आणि भाकरी खात होत्या. शेजारी मिसबाह होती. एक एक शीत उचलून ती खाई, मध्येच थांबून छताकडे बघे.

दारात सावली पडली. अनवरी होती.

सुनंदाबाईंचा घास हातातच राहिला. चेहरा तापला. दुसऱ्या हाताने त्यांनी पदर डब्यावर ओढलासुद्धा. मिसबाहने आईकडे पाहिलं आणि ती अर्धवट उठली.

"बैठ," अनवरी म्हणाली. "खा ले."

तिने चपला बाहेर काढल्या, आत आली आणि चौकटीला टेकून जमिनीवर बसली. ओढणीवरचे कापसाचे तंतू एक एक करून वेचत ती रस्त्याकडे पाहत राहिली, दोघींचं जेवण होईपर्यंत.