गरज सांगायची नाही

मखमलाबादच्या भिमाजीला रस्त्यात कोणी नमस्कार केला, की ह्याचं आपल्याकडं काय काम असेल हा विचार त्याच्या मनात आधी यायचा आणि हात मागाहून जोडले जायचे. लोक त्याला संशयी म्हणत. त्याच्या मते तो फक्त जागा होता आणि बाकीचं गाव झोपलेलं होतं. तीस वर्षं त्यानं पंचवटीच्या बाजारात भाजी आणि सणावाराला झेंडू नेऊन विकला होता. क्रेटमध्ये वर लालबुंद मोठे टोमॅटो आणि तळाला बारके लावायची कला त्याच्या हातात चांगली मुरलेली होती, आणि जे आपल्याला येतं ते जगाला येत नसेल असं मानण्याइतका तो भोळा नव्हता.

अशा माणसाच्या पोरीला लॅपटॉप हवा होता.

योगिनीनं सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. शरणपूर रोडवर घरांचे नकाशे करणाऱ्या छाया मॅडमच्या ऑफिसात ती सहा महिने बिनपगारी शिकायला जात होती. मॅडमनी आता सांगितलं, की एका मोठ्या कॉलनीचं काम आलंय, जानेवारीपासून तुला पगारावर घेते. पण ऑफिसातले दोन्ही कॉम्प्युटर अडकलेले असतात, तेव्हा तुझा तू आण. टेबलावरचा साधा कॉम्प्युटर घेऊन भागणार नव्हतं. एक तर तो रोज ऑफिसात कोण उचलून नेणार, आणि दुसरं म्हणजे ते २००६ साल होतं; मखमलाबादला दिवसाचे आठ-नऊ तास लाइट नसायची. बॅटरीवर चालेल असा लॅपटॉपच हवा होता. तो आला तर नोकरी, नाहीतर नामपूरच्या मावशीनं आणलेलं स्थळ बघायचं, असं घरात जवळपास ठरलेलं होतं.

पोरगी शिकली ह्याचा भिमाजीला मनातून फार अभिमान होता. तिला नोकरी लागावी असं तिच्याइतकंच त्यालाही वाटत होतं. पण अभिमान दाखवला की लोक त्याचाही फायदा घेतात, अशी त्याची खात्री होती. दसऱ्याच्या झेंडूचे साडेचव्वेचाळीस हजार त्यानं ह्याच कामासाठी बाजूला ठेवले होते आणि हा आकडा त्यानं बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी तिघं मेथीच्या जुड्या बांधत बसले होते, तेव्हा त्यानं पोरीला धडा दिला.

"हे बघ योगे, दुकानात गेल्यावर तू तोंड उघडायचं नाय."

"मग त्यांना कळणार कसं नाना, मला काय पाहिजे ते?"

"तेच तर कळू द्यायचं नाय! घोटीच्या बाजारात बैल घ्यायला जातो, तवा मी कधी सांगतो का, नांगराला पाहिजे म्हणून? मी म्हणतो, गाडीला पाहिजे, तेबी कधीमधी. नांगराचं नाव काढलं की व्यापाऱ्याला कळतं, ह्याचं काम अडलंय. मग तो भाव सोडत नाय. आन् जो बैल घ्यायचा, त्याच्याकडं बघायचंबी नाय. भलत्याच बैलाच्या शेपटीला हात लावायचा."

त्याची बायको मैना जुडीला गाठ मारता मारता हसली. "अहो, पण लॅपटॉपला शेपूट कुठं असतंय?"

"तू गप. योगे, मी खाकरलो की समजायचं. वचन दे."

योगिनीनं आईकडं पाहिलं, मेथीकडं पाहिलं आणि वचन दिलं. बाप पैसे काढतोय हेच तिला खूप होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं एम-एटीवर बसून एम.जी. रोडला आले. दुकानदाराचं नाव शेखर. चष्मा लावलेला, पस्तिशीतला, अतिशय नम्र माणूस. त्यानं न मागता पाणी दिलं आणि भिमाजीच्या मनात पहिली पाल चुकचुकली. फुकट पाणी देणारा माणूस ते कुठून वसूल करतो, हे बघावं लागणार होतं.

"काका, कशासाठी पाहिजे लॅपटॉप?" शेखरनं विचारलं.

"असंच. घरात असावा म्हणून."

"तसं नाही, काम काय आहे? कामाप्रमाणं मशीन दाखवतो ना मी."

"काम कसलं? चिठ्ठ्यापत्र्या लिहायच्या. गाणी ऐकायची. लग्नाबिग्नाचे फोटो बघायचे."

योगिनीनं ओठ दाबून धरले. समोर काचेच्या कपाटात एक लॅपटॉप होता आणि त्याच्या खालच्या चिठ्ठीवर तिची नजर पुनःपुन्हा जात होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "ह्याची रॅम किती आहे?"

"एक जीबी. हार्ड डिस्क एकशे वीस. प्रोसेसर पण ह्यात..."

भिमाजी खाकरला. असा खाकरला, की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बाजारात दलाल एकमेकांशी आकड्यांची वेगळीच बोली बोलतात आणि शेतकरी मध्ये उभा राहून बैलासारखी मान हलवतो. हे जीबी-बीजी त्यातलंच असणार, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. शिवाय पोरगी नेमकी त्याच मालाकडं टक लावून बघत होती. तो पुढं झाला आणि मुद्दाम दुसऱ्याच, कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर हात ठेवला. "हा कसा दिला?"

"हा तीस हजार. पण काका, हा अगदी साधा आहे. तुमचं बजेट किती आहे? थोडं पुढं गेलात तर..."

"तीसच हायेत. पुढं एक रुपाया नाय."

"नक्की ना काका? ताई, तुम्ही वापरणार का? तुमचं काही वेगळं काम..."

पुन्हा खाकरणं झालं. शेखरनं तिसऱ्यांदा तोच प्रश्न फिरवून विचारला तेव्हा भिमाजीची खात्रीच पटली, की हा माणूस गरजेचा सुगावा लावायला बघतोय. पण त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. योगिनीनं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "नाना, हा नाही चालायचा मला." तो तसाच कुजबुजला, "आधी तीसनं सुरुवात तर होऊ दे. तुला कळत नाय त्यातलं." सुरुवात झाली ती तिथंच संपली, कारण शेखरनं घासाघीस केलीच नाही. उलट स्वतःहून पाचशे सोडले आणि बॅग फुकट दिली. साडेएकोणतीसला सौदा! एवढं स्वस्त पडल्यावर भिमाजीच्यानं माघार घेववेना. घरात पंधरा हजार शिल्लक राहणार होते आणि कॉम्प्युटर म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच.

शेखर मांडणीवरचं खोकं काढायला गेला, तसा भिमाजीनं त्याचा हात धरला.

"वरचं नको. तळातलं काढा."

"काका, सगळे सारखेच आहेत."

"सारखेच हायेत ना? मग तळातलं द्या."

टोमॅटो वेगळा आणि लॅपटॉप वेगळा, हे त्याला कोण सांगणार? बिचाऱ्या शेखरनं सात खोकी उतरवून आठवं दिलं. बिल केलं, बिलाच्या खाली काहीतरी लिहिलं आणि सही घेतली. परतीच्या वाटेवर भिमाजी खुशीत होता. मागं बसलेली योगिनी बॅग पोटाशी धरून गप्प होती, आणि पोरगी हरखून गेली असेल असं त्याला वाटलं.

तिनं सतरा दिवस काढले. दोन-चार खोल्यांचे नकाशे असेपर्यंत ते मशीन कसंबसं चाललं. मग छाया मॅडमनी कॉलनीची फाइल दिली. अडतीस बंगले, रस्ते, गटारं, आणि ते सगळं चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं. ती फाइल उघडायलाच पंचवीस मिनिटं लागायची. एक भिंत सरकवली की पडदा गोठायचा. मग बंद करा, चालू करा, पुन्हा पंचवीस मिनिटं. तेवढ्यात बॅटरी संपायची आणि घरात लाइट नसायची. शनिवारी मॅडम म्हणाल्या, "योगिनी, सोमवारी संध्याकाळपर्यंत झालं नाही तर मला हे दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. आणि मग तुझ्या जागेचाही विचार करावा लागेल."

ती घरी येऊन रडली. मैनेनं नवऱ्याला सांगितलं आणि भिमाजी ताडकन उठला. एक क्षणही त्याला दुसरं काही सुचलं नाही. "टोपी घातली! त्या चष्मेवाल्यानं टोपी घातली मला! तरी म्हटलं, पाचशे आपणहून कसे काय सोडले?"

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो योगिनीला घेऊन, आणि वेळ पडली तर असावेत म्हणून उरलेले पंधरा हजार खिशात घालून, पायरीवर उभा होता. शटर वर जाताच आत शिरला आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवून त्यानं तोंड सोडलं. सडका माल दिला, गरिबाला गाठलं, पोलिसात जाईन. आणखी दोन गिऱ्हाइकं आली, ती दारातच थांबली. शेखरनं सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप चालू करून तपासला आणि बिलाचं पुस्तक काढून ती पावती भिमाजीसमोर धरली.

"वाचता येतंय ना काका? तुमची सही आहे खाली."

बिलाखाली लिहिलं होतं: घरगुती वापर. पत्रं, गाणी, फोटो. बजेट तीस. गिऱ्हाइकाला तीनदा विचारलं.

"मी हे प्रत्येक बिलावर लिहितो," शेखर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यातली नम्रता मात्र संपलेली होती. "मशीनमध्ये काही बिघाड नाही. पत्रं लिहा, गाणी ऐका, दहा वर्षं चालेल. ताई, खरं सांगा. तुम्ही ह्याच्यावर काय काम करता?"

भिमाजीनं योगिनीकडं पाहिलं. ती बोलेल असं त्याला वाटलं. बोलेल काय, फाडफाड बोलेल, आणि चार लोकांत बापाचं पितळ उघडं पाडेल. तशी ती बोलली असती तर त्याला रागवायला तरी जागा मिळाली असती. पण ती काउंटरची कड धरून तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी आलेलं, ओठ मिटलेले, आणि नजर बापाच्या तोंडावर. उद्या हातची नोकरी जाणार होती, आणि पोरगी अजून त्याच्या परवानगीची वाट बघत होती.

भिमाजीला फार शरम वाटली. एवढी शरम त्याला तळाचे बारके टोमॅटो कोणी उपसून दाखवले तेव्हाही वाटली नव्हती.

"बोल बाई," तो म्हणाला. "सांग त्यांना. सगळं सांग."

मग ती बोलली. कॉलनी, अडतीस बंगले, उद्याची संध्याकाळ, सगळंच. शेखर डोक्याला हात लावून ऐकत राहिला. "अहो, मग पहिल्या दिवशी बोलायचं ना! तुम्ही ज्याच्याकडं बघत होता, तेच तुमच्या कामाचं मशीन होतं. चव्वेचाळीसला." त्यानं हिशोब सांगितला. वापरलेला लॅपटॉप तो चोवीसला परत घेणार, म्हणजे वरून वीस भरावे लागतील.

"पंधरा हायेत," भिमाजी म्हणाला. "तेवढेच हायेत."

शेखर हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. "काका, त्या दिवशी तीसच होते. पुढं एक रुपाया नव्हता. आज पंधरा निघाले. उद्या आणखी पाच निघतील. घेऊन या, मी दुकानातच आहे." आणि तो दारातल्या गिऱ्हाइकांकडं वळला.

आयुष्यात पहिल्यांदा भिमाजीनं दुकानदाराला खरा आकडा सांगितला होता. खरंच घरात दुसरा पैसा नव्हता, पुढचं पीक दोन महिने लांब होतं. पण हे आता कोणत्या तोंडानं पटवायचं, ते त्याला कळेना. शेखरच्या जागी तो असता तर त्यानंही विश्वास ठेवला नसता.

"शेखरभाऊ," योगिनी म्हणाली. "नाना पंधरा म्हणाले ना, मग पंधराच आहेत. त्यात बसेल असं सांगा. रॅम आणि प्रोसेसर कमी करून चालणार नाही. हार्ड डिस्क लहान चालेल. झालेली कामं मी सीडीवर काढून ठेवीन."

शेखरनं तिच्याकडं नीट पाहिलं. भिमाजीकडं पाहिलं नाही. मग आत जाऊन एक खोकं घेऊन आला. "साठ जीबीची डिस्क आहे. बाकी सगळं तेच. एकोणचाळीसचं आहे, तुमचं बरोबर बसेल. कॉलनीची फाइल इथंच टाकून बघा आणि मगच न्या."

फाइल तीन मिनिटांत उघडली. योगिनीनं एक बंगला धरून फिरवला, मग दुसरा. पडदा कुठंही अडकला नाही. भिमाजीनं पंधरा हजार मोजून दिले. खोकं वरचं की तळातलं, हे विचारायचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर आल्यावर त्यानं गाडी चालू केली नाही. हँडल धरून उभा राहिला.

"योगे, तुझ्या आईलाबी ठाऊक नव्हतं माझ्याकडं किती हायेत ते. तुला कसं ठाऊक, पंधराच होते म्हणून?"

"मला कुठं ठाऊक होतं?" योगिनी बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट करत म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना."

भिमाजी गाडीवर बसला. त्यानं दोनदा किक मारली, दोन्ही वेळा किक बसली नाही. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली आणि पोरगी मागं बसली.