दोमितिलाबाईंचा सुरा

दोमितिलाबाईंनी गोणपाटात गुंडाळलेला दांडा बाकावर ठेवला आणि क्रोमचे पापुद्रे अंड्याच्या टरफलासारखे जमिनीवर सांडले.

"मिस्त्री, तुमचं क्रोम परत आणलंय. वेचून घ्या."

नेप्ताली केरेवालूने मान खाली घातली. पाइता बंदराच्या धक्क्यावर बाईंचा बर्फाचा कारखाना आहे. दांडा तिथल्या कॉम्प्रेसरचा होता आणि त्याच्यावर हार्ड क्रोम चढवले होते नेप्तालीने. माकुलाचा हंगाम भरात असताना कारखाना बंद पडला होता. बाईंचे होडीवाले बर्फासाठी तलारा बंदराकडे वळले असते, आणि एकदा वळलेला होडीवाला सहसा परत येत नाही.

"पिउरा शहरात का नाही नेलात?" त्याने विचारले.

"तुम्ही आमच्या ह्यांच्या बोटीचा शाफ्ट केला होतात. हे गेले, शाफ्ट अजून फिरतोय."

नेप्तालीने खिळ्यावरचा चुंबक काढून दांड्याला लावला. प्रत्येक नगाची पहिली परीक्षा हीच, त्याच्या वडिलांपासूनची.

"चिकटतोय. म्हणजे साधं पोलाद. म्हणून टाकीत आधी उलटा करंट दिला. त्यानं वरचा थर कोरला जातो आणि क्रोमला पकड मिळते."

"चिकटला की साधं?" बाईंनी पिशवीतून माकूल चिरायचा सुरा काढला. चुंबकाने तो खटकन ओढून घेतला. "हा सासूबाईंचा. रोज खाऱ्या पाण्यात असतो. गंजाचा ठिपका दाखवा, लिंबात मुरवलेल्या माशाचं सेविचे खाऊ घालते."

नेप्तालीने सुरा उलटून पाहिला. मग दांडा पाहिला.

"हा दांडा मिळाला कुठं तुम्हाला?"

"बोटी तोडतात तिथं. कॉम्प्रेसरचा जुना झिजला, म्हणून हा उचलला. वाळूत पडला होता."

"गंजलेला?"

"छे! लखलखीत."

नेप्ताली स्टुलावर बसला. दांडा सुऱ्याच्याच जातीचा होता. हे पोलाद चुंबकाला चिकटते, पण गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर न दिसणारा पातळ पापुद्रा असतो. उलट्या करंटने तो कोरला गेला नव्हता, उलट जाड झाला होता. क्रोम पोलादावर बसलेच नव्हते, बसले होते पापुद्र्यावर.

त्याने उरलेले क्रोम उतरवले, दांडा घासला, धुतला आणि वरून पाणी सोडले. एका जागी पाणी फाटून थेंब झाले. तिथे अजून तेलकटपणा होता. पुन्हा घासल्यावर पाणी सलग चादरीसारखे उतरले. या वेळी उलटा करंट नाही. आम्लाच्या टाकीत सुलटा करंट देऊन पापुद्रा काढला. आता तो हवेत पुन्हा धरायच्या आत दांडा क्रोमच्या टाकीत जायला हवा होता, आणि वाटेत बाई उभ्या होत्या.

"बाजूला व्हा, बाई! बोलायचं ते बुडाल्यावर बोला!"

"मी कुठं बोलतेय? तुम्हीच ओरडताय."

दांडा ओलाच, करंट चालू ठेवून टाकीत उतरला. करंट आधी अगदी कमी, मग हळूहळू वाढवत नेला. नंतर पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून दांडा भट्टीत शेकला. मग नेप्तालीने त्याच्यावर सहाण चालवली; पकड कच्ची असती तर क्रोम इथेच सुटले असते. एक कपचीही उडाली नाही.

कारखान्यात बर्फाची पहिली लादी साच्यातून सुटली, तेव्हा धक्क्यावर होडीवाले रांगेत होते.

"आभारी आहे, मिस्त्री."

"आभार मीच मानायला हवेत. दांडा दुसरीकडे गेला असता, तर मी जन्मभर चुंबकाच्या भरवशावर राहिलो असतो."

"मग सुऱ्याचे माना. आणि तुमच्याकडेच राहिलाय, द्या तो इकडे, माकूल चिरायचंय. जेवूनच जा."