पेल्यातली शेवटची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. जुनी, पण कधीच न वापरलेली. ज्या पेल्यात मी इतके महिने उभी होते, त्याच्याखाली एक पत्र दबून पडलं होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं.

कारखान्यात पांढरं, मऊ लाकूड कापून, घासून आम्हा बहिणींना गुळगुळीत केलं, तेव्हा वाटलं होतं, आपण आइस्क्रीमच्या गाडीवर जाणार. गेलो मात्र इस्पितळात.

तिथे एका आजींच्या गालातली गाठ काढली होती. नंतरच्या रेडिएशनने त्यांचा जबडा असा आखडला, की चमचाही आडवा करून आत सारावा लागे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आमचं पाकीट आजोबांच्या हातात दिलं. "दातांमध्ये पट्ट्यांची चवड धरायची. सवय झाली की एक वाढवायची. चालढकल केलीत, तर तोंड मिटत जाईल."

शेजारच्या खाटेवर बेकरीत काम करणाऱ्या एक बाई होत्या, सोबतीला त्यांची लेक. दुखणं तेच. दोघींनी ठरवलं, शेवटच्या पट्टीपर्यंत जी आधी पोचेल, तिने दुसरीला कळवायचं. आजींच्या पाकिटातली ती शेवटची पट्टी म्हणजे मी! मला केवढा तोरा चढला होता!

घरी आजी चवड दातांत धरत आणि आजोबा आकडे मोजत. आजींचे डोळे भरून आले, की आजोबांचे आकडे धावू लागत.

"अहो, मोजताय की पळताय?" पट्ट्या काढून आजी म्हणाल्या.

"तुला दुखतं गं."

"दुखू दे. तुमच्या दयेने तोंड उघडणार आहे का?"

मग आजोबांनी मोजणं सोडलं आणि पुस्तक उघडलं. एक पान वाचून होईपर्यंत पट्ट्या काढायच्या नाहीत. पण तिथेही ते हळूच ओळी गाळत. आजींना गोष्ट पाठ. दात अडकलेले, म्हणून आजोबांच्या मांडीवर चापट बसे आणि पान संपलं की जाब विचारला जाई, "राजाचा न्हावी कुठे गेला? गिळलात?"

एकेक बहीण पेल्यातून चवडीत गेली. मी एकटी उरले. एका सकाळी आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आज हिला घेऊ या."

"उद्या घेऊ. आज फार दुखतंय तुला," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजींना ताप भरला. आजार परतला होता. इस्पितळातून त्या घरी आल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात बेकरीतल्या बाईंचं पत्र आलं. त्यांचं बोलणं फोनवर कुणाला कळत नसे, म्हणून पत्र. "ताई, कुठवर आलात? माझं घोडं मध्येच अडलंय. दुखतं म्हणून करावंसं वाटत नाही. तुम्ही पोचलात असं कळलं, तर मीही नेटाने करीन."

आजोबा रोज लिहायला बसत. "आपले पत्र मिळाले" एवढं लिहून हात थांबे. ज्यांना धीर हवा, त्यांना ही बातमी कशी द्यायची? कागद फाटे. पत्र पुन्हा पेल्याखाली जाई. माझ्यावर धूळ बसली.

परवा व्यायामाच्या बाईंचा फोन आला. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर सुरू होता. "बेकरीतल्या बाईंनी व्यायाम सोडलाय हो. तोंड पुन्हा मिटत चाललंय. म्हणतात, ताई मला विसरल्या."

 आजोबांनी मला पुसलं, टपालाच्या पाकिटात ठेवलं आणि ते लिहायला बसले. लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं.

"तुमच्या ताई तुम्हाला विसरल्या नव्हत्या. त्या गेल्या. एकच पट्टी राहिली होती. ती मी उद्यावर ढकलली. ती सोबत पाठवतो आहे. तुमच्या चवडीतही ती शेवटचीच असू द्या. हे पत्र बरोबर एक पान आहे. पट्ट्या दातांत धरा आणि लेकीला सावकाश वाचायला सांगा. तिला एकही ओळ गाळू देऊ नका."

मित्रांनो, कुणाचं दुखणं बघवत नाही म्हणून त्याचा व्यायाम उद्यावर टाकू नका. आणि शब्द सापडत नाहीत म्हणून कुणाला उत्तराची वाट पाहायला लावू नका.

टपालपेटीच्या तोंडाशी आजोबांचा हात थबकला. मग बोटं सुटली आणि मी त्या पानाला बिलगून आत पडले.