पुसट ठिपके

प्रयोगशाळेत मावशींच्या हाताचा मोठा बोलबाला होता. धावणाऱ्याच्या पायांवर चमकत्या गोळ्या चिकटवायच्या आणि कॅमेऱ्यांनी त्यांवरून सांध्यांचे कोन काढायचे, हे इथलं काम; गोळ्या लावायच्या त्या मावशींनी. कातडीखालचा हाडाचा उंचवटा बोटांनी चाचपायचा आणि गोळी नेमकी त्यावर बसवायची. ती बोटभर सरकली की सगळं गणित बोंबललंच. हात भरवशाचा आहे ना, हे पाहायला एकाच माणसाला लागोपाठ दोन दिवस मोजत. मावशींचा फरक कधी एका अंशाच्या वर जात नसे, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हे येईल त्या पाहुण्याला कौतुकाने ऐकवत.

खरी गोष्ट वेगळी होती. साखरेच्या आजाराने मावशींच्या बोटांची टोकं वर्षभरापूर्वीच बधिर झाली होती. पहिल्या दिवशी गोळीभोवती पेनाने काढलेले ठिपके स्पिरिटने घासून पुसायचे, असा नियम. मावशी पुसल्यासारखं करत. दुसऱ्या दिवशी बोटं हाडावरून फिरत, पण डोळे पुसट ठिपका शोधत. चाचपण्याचा आव असा, की कुणाला शंकाही येऊ नये.

त्या सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक धावपटू मुलगी सहा आठवड्यांनी पुन्हा आली. इतक्या दिवसांत ठिपका कसला राहतोय? मावशींनी अंदाजानेच गोळ्या लावल्या. मुलगी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर धावली. मागच्या वेळी नऊ अंश आत झुकणारा गुडघा आज सहावर आला होता. सर खूश झाले. आपली चूक जेमतेम एका अंशाची, म्हणजे ही सुधारणा खरीच, आता शर्यतीला हरकत नाही, असं म्हणत त्यांनी शिफारशीचा कागद पुढे ओढला. मुलीचा चेहरा उजळला.

मावशींनी कागदावर हात ठेवला.

"सर, सही करू नका. मी गोळ्या काढून पुन्हा लावते."

या वेळी त्यांनी मघाशी गोळ्यांभोवती काढलेले ठिपके कातडी लाल होईपर्यंत घासले. पुन्हा गोळ्या, पुन्हा धाव. पडद्यावर त्याच गुडघ्याचे सहाऐवजी अकरा आले.

सर त्या आकड्याकडे बघतच राहिले. मावशींनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, बोटांचं आणि ठिपक्यांचंही. सर ओरडले नाहीत. पेनाला टोपण लावत, वर्षभराची मापं रद्द करावी लागतील, एवढंच म्हणाले. मावशी 'हो' म्हणाल्या. तीस वर्षांत कमावलेलं नाव तेवढ्यात धुळीला मिळालं, आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

"मग माझा गुडघा बरा झालाय की नाही?" मुलीने विचारलं.

"मला नाही कळत, बाळा. कळतंय असं दाखवत होते."

 मुलीने मावशींचं बधिर बोट धरलं आणि आपल्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवलं.

"इथे दुखतं," ती म्हणाली. "रोज, जिना उतरताना. मीही सांगितलं नव्हतं."